मेहुण्याच्या हातातली दोरी

आमचं बाळ माझ्याकडे रडतं आणि नणंदेकडे गेलं की गप्प होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पुढची गोष्ट इतके कान देऊन का ऐकली ते वेगळं सांगायला नको. बाळाच्या संगोपनावरची जाडजूड पुस्तकं मी पेन्सिलीने खुणा करकरून वाचली आहेत. नणंदेने एकही वाचलेलं नाही. ती नुसती मांडीवर घेते, दोनदा थोपटते आणि डोळे मिटतात. बाळाचे. माझे मिटत नाहीत.

त्या रात्री जेवणं उरकली आणि वीज गेली. बाळाने माझ्या कुशीत भोकाड पसरलं, ते नणंदेने अंधारातच अलगद उचलून नेलं. माझ्या नवऱ्याने मेणबत्ती लावली. सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. ते खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले. नवरा म्हणाला, "आप्पा, तुमच्या त्या ड्राफ्ट्समनची गोष्ट सांगा ना. हिने ऐकली नाहीये."

आप्पा म्हणाले, गोष्ट हवी असेल तर मोबाइल उघडा. हे घडलेलं आहे.

मी म्हटलं, बाळ आत्ता कुठे शांत झालंय, भुताखेताचं नको. "त्याला काय कळतंय?" नणंद म्हणाली. "वहिनी, तुला भीती वाटते असं सरळ म्हण की." ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

पुढचं आप्पांच्या तोंडचं, जसं आठवतंय तसं.

*

मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षीची हकिगत. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर हा ड्राफ्ट्समन बसायचा. कुठून कुठली पाइपलाइन गेली त्याचे नकाशे काढायचा. वयाने माझ्याहून बराच लहान, कामाला चोख, बोलायला गोड. एकच ठणका होता त्याला. मेहुणा. म्हणजे बायकोचा भाऊ.

मेहुण्याचं गॅरेज होतं. गडी आडदांड, हसरा, दारातूनच हाका मारत घरात शिरणारा. आला की भाचीला खांद्यावर घ्यायचा. ड्राफ्ट्समनची ही एकुलती एक मुलगी, पहिली-दुसरीत असेल. तिला मामा म्हणजे जीव की प्राण. दुपारी शाळेतून आली की आधी विचारायची, मामा येणार आहे का? बाप संध्याकाळी ऑफिसातून यायचा तेव्हा कार्टूनमधून मान वर नाही. त्यात बायकोचंही तेच. माझा भाऊ असा, माझा भाऊ तसा. नळ गळतोय? दादाला फोन करते. हा पाइपलाइनचे नकाशे काढणारा माणूस, आणि त्याच्या घरातला नळ मेहुणा दुरुस्त करणार.

एकदा शाळेत चित्र काढायला सांगितलं, 'मला आवडणारा माणूस'. हिने काढला मामा, हातात भलामोठा पाना. आणि कोपऱ्यात एक टेबल, टेबलामागे एक चष्मा. माणूस नाही. नुसता चष्मा. ड्राफ्ट्समनने ते चित्र ऑफिसात आणून मला दाखवलं आणि म्हणाला, "साहेब, प्रमाण चुकलंय हो." मी हसलो. तो हसला नाही.

तेव्हापासून त्याने पणजोबांचं खूळ घेतलं. घरात लहानपणापासून ऐकलेलं, की पणजोबा बंदरात पाणबुडे होते. पितळी टोप, काचेची खिडकी, पायात शिशाचे बूट. जहाजाच्या तळाशी उतरून भोकं बुजवायची, रुतलेले नांगर सोडवायचे. वर दोन माणसं चाक फिरवून नळीने हवा सोडणार आणि एक माणूस कमरेची दोरी धरून बसणार. खाली बोलणं नाही, ऐकणं नाही. सगळं त्या दोरीवर. वरून एक हिसका म्हणजे 'बरा आहेस?' खालून एक हिसका म्हणजे 'बरा आहे.' दोन म्हणजे 'सैल सोड.' आणि लागोपाठ हिसके म्हणजे 'ओढ मला वर.'

सुटीच्या दिवशी हा बंदरावर जायचा, म्हाताऱ्या लोकांना गाठायचा, जुने फोटो बघायचा. सोमवारी सगळं मला ऐकायला लागायचं. आणि घरी जेवताना मुलीला. ती एकदा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मामाला पोहता येतं. बाबा, तुला येतं?"

याला येत नव्हतं. पाणबुड्याचा पणतू, आणि गुडघाभर पाण्यात घाबरणारा.

पणजोबा खालीच गेले, वर आले नाहीत. घरात असं सांगत आले होते, की दोरी मेहुण्याने बांधली होती आणि गाठ सैल होती. हे तो मेहुण्यासमोर चवीने सांगायचा. मेहुणा म्हणायचा, "बरं झालं सांगितलंत, दाजी. तुमच्या बुटाची नाडी मी कधी बांधणार नाही." सगळे हसायचे. मुलगी सगळ्यात मोठ्याने.

तर, डिसेंबर महिना, दुसरा शनिवार. ड्राफ्ट्समनला कळलेलं, की पणजोबांची ती दोरी अजून आहे. बंदरालगत एका म्हाताऱ्या बाईकडे. बायकोला म्हणाला, जरा काम आहे, संध्याकाळपर्यंत येतो. बसने गेला.

रंगाच्या दुकानावरची एकच खोली. खिडकीतून खाली गोदी दिसते. दाराशी खुंटीला दोरीचं वेटोळं, अंगठ्याएवढी जाड, जुनी होऊन काळी पडलेली. बाई ऐंशीच्या घरातली. ज्या मेहुण्यावर सैल गाठीचा ठपका होता, त्याची ही नात. तिने चहा दिला आणि याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोरी बायकोच्या भावाच्याच हातात का द्यायचे, ठाऊक आहे?"

याला ठाऊक नव्हतं.

"सख्खा भाऊ धरून बसला आणि खालचा मेला, तर भावाला वाटा मिळतो. मेहुण्याला काय मिळतं? विधवा बहीण. म्हणून तो डोळ्याची पापणी लवू देत नाही."

मग तिने बाकीचं सांगितलं. तिचे आजोबा दोरी धरायचे. गाठही त्यांचीच, त्यांच्या हातची, दुसऱ्या कुणाला न जमणारी. पण त्या पाणबुड्याच्या डोळ्यांत बायकोचा हा भाऊ सलायचा. बायको सारखी भावाचं कौतुक करायची. माझा भाऊ असा, माझा भाऊ तसा. आणि बंदरात लोक म्हणायचे, हा खाली उतरतो खरा, पण जीव मेहुण्याच्या मुठीत. ते त्याला सहन होईना. एक दिवस आजोबांनी गाठ बांधली, आणि हा पाण्यात उतरता उतरता थांबला. आजोबांच्या हातातली दोरी हिसकून घेतली आणि आपल्या धाकट्या भावाच्या हातात दिली. म्हणाला, तुझी गरज नाही मला.

नंतर दोरी रिकामी वर आली. तुटलेली नाही. टोक मोकळं. धाकटा म्हणाला, गाठ सैल होती.

"ती गाठ सुटत नसे," बाई म्हणाली. "सोडायला लागे. खाली दोरी कशात तरी अडकली असेल. त्याने सैल मागितली असेल. वरच्याला कळलं नाही, की कळूनही दिली नाही, देव जाणे. शेवटी त्याने स्वतःच सोडली. दुसरं काय करणार?"

ड्राफ्ट्समनने विचारलं, मग पुढे?

"पुढे वर्षाच्या आत धाकट्याने वहिनीशी लग्न लावलं. तिला तोवर मूल नव्हतं. तुम्ही सगळे नंतरचे."

म्हणजे कळलं ना? हा पाणबुड्याचा पणतू नव्हताच. वर बसलेल्याचा होता.

*

आप्पा थांबले. मेणबत्तीची वात नवऱ्याने जरा सरळ केली. नणंद थोपटायचं विसरली होती आणि बाळ तरीही झोपलेलं होतं. मला वाटलं, आता बाळ मागावं. मागितलं नाही.

*

बाईने दोरी दिली त्याला. का दिली, मला नाही सांगता येणार. म्हणाली, घेऊन जा, पण माझ्या आजोबांची बदनामी आता पुरे करा. आणि एक बजावलं. कुणी कधी कमरेला बांधलीच, तर दुसरं टोक घरच्या मेहुण्याच्या हातात. रक्ताच्या माणसाच्या नाही.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन हा विचार करत आला. आणि काय ठरवलं? काहीच सांगायचं नाही. पणजोबा पाणबुडे, ही त्यांची दोरी, झालं. एवढी एकच गोष्ट होती त्याच्याकडे, जी मेहुण्याकडे नव्हती. ती कशी सोडणार?

घरी पोचला तर दारात मेहुण्याची चप्पल. जेवायला आलेला. मुलगी त्याच्या पाठीवर. पण दोरी बघितली आणि उतरली. बापाकडे आली. बाबा, ही खरी? बाबा, मला बांध. बापाला काय झालं असेल बघा. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. त्याने जेवणं होईपर्यंत तिला सगळे हिसके शिकवले.

दहा वाजून गेले होते. बायको आणि मेहुणा स्वयंपाकघरात बोलत बसलेले. जिन्याखाली त्यांची एक अडगळीची खोली होती. खोली कसली, खोबण. जुन्या गाद्या, पंखा, सायकल. हात लांब केला की पलीकडची भिंत लागेल एवढीच. मुलगी म्हणाली, तो समुद्र. मी खाली उतरते.

त्याने तिच्या कमरेला दोरी बांधली. साधी गाठ. ती म्हणाली, "दुसरं टोक मामा धरेल."

"मामा नाही," हा म्हणाला. "माझ्या पणजोबांची दोरी आहे. मी धरणार."

मुलगी आत गेली. दार दोरीपुरतं उघडं ठेवलं. आत काळोख.

याने एक हिसका दिला. बरी आहेस?

आतून एक हिसका. बरी आहे.

याला हसू आलं. पुन्हा दिला. पुन्हा आला. स्वयंपाकघरातून मेहुण्याचं हसणं ऐकू येत होतं आणि आज पहिल्यांदा त्याला त्याचं काही वाटलं नाही.

मग आतून दोन आले. सैल सोड.

त्याने थोडी सोडली.

पुन्हा दोन.

सोडली.

पुन्हा दोन... दोरी त्याच्या मुठीतून सावकाश आत जात होती. पायाशी वेटोळं होतं, ते एकेक फेर उलगडत होतं. आधी त्याच्या हातांना कळलं, मग त्याला. खोली एवढी नाही. दोरी भिंतीला लागून कधीच संपायला हवी होती.

त्याने मुलीला हाक मारली.

उत्तर नाही.

पुन्हा मारली. जरा मोठ्याने.

एक हिसका आला. बरी आहे.

पण तो हिसका... तो म्हणाला मला, साहेब, तो पोरीच्या हाताचा नव्हता. जड होता. खालून आलेला.

समोर नाही. खालून.

पुन्हा दोन. सैल सोड. आता काय करायचं? नाही सोडली, तर वर बसलेल्या खऱ्या पणजोबाने केलं तेच. सोडली, तर कुठे चालली पोरगी? तो सोडत गेला. वेटोळं संपलं. शेवटचं टोक हातात. आणि दोरी थांबली.

काहीच नाही.

मग...

हिसके. लागोपाठ. एकावर एक.

ओढ मला वर.

त्याने ओढली. अंगात होतं नव्हतं तेवढं लावून ओढली. दोरी हलली नाही. भिंतीत चिणल्यासारखी. हिसके चालूच. त्याच्या तळव्याची सालं निघाली. आणि मग हिसके हळू व्हायला लागले. एक. मग बऱ्याच वेळाने एक.

त्या क्षणाला त्याने मेहुण्याला हाक मारली. नुसती हाक. मेहुणा आला, हातात चहाचा कप तसाच. याने दोरी पुढे केली. जन्मात त्या माणसाच्या हातात त्याने काही दिलं नव्हतं.

"तू धर," एवढंच म्हणाला.

मेहुण्याने काही विचारलं नाही. कप जमिनीवर ठेवला, दोरी घेतली, ओढली.

आली.

जड होती, पण आली. हातावर हात. हा मेहुण्याच्या कमरेला मागून मिठी मारून उभा, पाय रोवून. बायको दारात. दोरी येत होती, येत होती... फरशीवर ओली पडत होती. एवढ्या वर्षांची वाळकी दोरी. ओली.

टोक दाराशी आलं. बायकोने दार उघडलं.

मुलगी तिथेच उभी. दाराच्या आत, एका पावलावर. कोरडी. कमरेला काही नाही.

आईने तिला उचललं. बापाने विचारलं, दोरी कधी सोडलीस? मी हाक मारली, तू ओ का नाही दिलीस?

ती म्हणाली, "मी नाही सोडली. त्यांनी सोडली."

"कोणी?"

"आतल्यांनी. म्हणाले, ही माझी. मग मी दिली."

"आणि तू हिसके देत होतीस ते?"

मुलगी बापाकडे बघत राहिली. म्हणाली, "बाबा, मी एकदाही ओढली नाही."

*

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी वाजली तेवढीच. नवरा, ज्याने ही गोष्ट आधी ऐकली होती, तोही पाय वर घेऊन बसला होता.

बाळ हललं. नणंद दचकली आणि माझ्याकडे सरकली. "घे वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुझ्याकडे घे." कित्येक महिने मी हे ऐकायला टपलेली. हात पुढे केले, आणि बघितलं की तिने एका हाताने बाळाचं डोकं कसं धरलंय. घट्ट नाही. सुटेल असंही नाही.

मी म्हटलं, "राहू दे. झोपलंय तुझ्याकडे." आणि तिच्याजवळ जाऊन बसले. जरा जास्तच जवळ.

मग मलाच राहवेना. मी आप्पांना विचारलं, त्या दोरीचं पुढे काय झालं?

*

सोमवारी तो ऑफिसात आला, दोन्ही हातांना पट्ट्या. मला म्हणाला, साहेब, माझ्याबरोबर चला, एकट्याने नाही जाववत. मेहुण्याने आपली गाडी काढली. आम्ही तिघे गेलो. हा पुढे मेहुण्याशेजारी बसला, मी मागे दोरीशेजारी.

तोवर मी ती नीट बघितली नव्हती. याने पोरीच्या कमरेला बांधलेली गाठ तिच्यावर नव्हती. दुसरीच होती. टोकाला मोठा फेर, अंगावर जाड कपडे चढवलेला पुरुष मावेल एवढा. आणि फेराला एक गाठ. मी पाण्याच्या खात्यात जन्म काढला, दोरखंड पुष्कळ बघितले, पण तसली गाठ बघितली नव्हती.

बाई दारात उभी होती. दोरी हातात घेतली. फेर चाचपला. गाठीवर अंगठा फिरवला, आणि खाली बसली.

ड्राफ्ट्समनने तिला जे होतं ते सांगितलं. मी कुणाचा पणतू ते घरी सांगितलंय, म्हणाला. मुलीलाही. बाईचं लक्ष नव्हतं.

"गाठ आजोबांची," ती म्हणाली. "त्यांच्यानंतर कुणाला जमली नाही. मलासुद्धा." मेहुण्याकडे बघून तिने विचारलं, वर कोणी ओढली, तूच ना? त्याने मान हलवली. तिने दोरी दाराशी खुंटीला होती तशी लावली.

परवा माझं तिकडे काम होतं, म्हणून वर चढलो. बाई आता थकलीय, पण आहे. दोरी खुंटीला आहे. हात लावून बघितला. वाळून लाकूड झालीय, धूळ बसलीय.

गाठ ओली आहे.

खाली तिने एक वाटी ठेवलीय. मी होतो तेवढ्या वेळात एक थेंब पडला. मी विचारलं, पाऊस येतो का आत? ती नाही म्हणाली.

म्हणाली, रोज सकाळी ओतून टाकते. खारं पाणी, झाडांना चालत नाही.